किंडरडाइकच्या पवनचक्क्या म्हणजे पिठाच्या गिरण्या नव्हेत हो

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. हॉलंडमधल्या किंडरडाइकचा फोटो, कालव्याकाठी रांगेत पवनचक्क्या, आणि खाली मजकूर की या जुन्या पिठाच्या गिरण्या, वाफेचं इंजिन आलं आणि रातोरात बंद पडल्या, आता टुरिस्टांसाठी मोटर लावून फिरवतात, लाकूड मात्र सगळं मूळचंच. फोटो खरा आहे, बाकी सगळी बोंब.

पिठाचं आधी. हॉलंडात दळणाच्या पवनचक्क्या होत्या, आजही आहेत, पण किंडरडाइकच्या 19 चक्क्या पाणी उपसायच्या. तिथली जमीन मऊ, दलदलीची, पाणी काढलं की ती खचते, खचली की अजून पाणी काढावं लागतं, आणि बाहेर नदीची पातळी चढतच राहते, त्यामुळे ओहोटीला दारं उघडून पाणी सोडायची जुनी पद्धत पुरेना, म्हणून 1738 आणि 1740 मध्ये यातल्या बहुतेक चक्क्या बांधल्या. आत जातं नाहीच, रहाटासारखं फळ्यांचं मोठं चाक असतं, ते पाणी जेमतेम दीडेक मीटर वर ढकलतं, वरच्या तळ्यात साठवतात आणि लेक नदी उतरली की तिच्यात सोडतात. आणि त्याच चक्कीत चक्कीवाल्याचं आख्खं कुटुंब राहायचं! पाती जवळजवळ जमिनीला टेकतात, म्हणून समोरासमोर दोन दारं, ज्या बाजूला पाती फिरतायत ते दार बंद ठेवायचं, पोरं दुसऱ्या दाराने बाहेर.

रातोरात वगैरे काही नाही. वाफेचा पंप 1868 ला आला, पण चक्क्या त्यानंतरही कित्येक वर्षं सोबतीने चालल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना तेव्हा परत यांच्यावरच भिस्त. आज मुख्य काम मोठे पंप करतात, हे मान्य.

मोटरचं म्हणाल तर वारा बघायचा, मागच्या दांड्याला साखळी लावून आख्खं डोकं वाऱ्याकडे वळवायचं, पात्यांच्या जाळीवर शिडाचं कापड ताणायचं, वारा वाढला की ते गुंडाळायचं, मग ब्रेक सोडायचा. हे सगळं माणूस करतो. हे कसब टिकवायला नेदरलँड्समध्ये हौशी चक्कीवाल्यांची संघटना 1972 पासून आहे आणि 2017 मध्ये युनेस्कोने या कामाची वारसा म्हणून नोंदही केली.

आणि लाकूड मूळचंच? अहो, पावसात उभं असलेलं लाकूड कुजणार नाही तर काय, पाती, छपराचं गवत सगळं वेळोवेळी बदलावंच लागतं. तिथली ब्लोकवेअर नावाची चक्की तर 1997 मध्ये जळाली, म्हणजे ज्या वर्षी हे ठिकाण युनेस्कोच्या यादीत गेलं त्याच वर्षी, नंतर ती नव्याने उभी केली आणि आता ती म्युझियम म्हणून आतून बघता येते.