आजीला दुसऱ्या परिच्छेदात मारा

हिंजवडीत पाच वर्षं काढली, जीमॅट ही प्रवेशपरीक्षा बरी गेली, आता परदेशी एमबीएच्या अर्जाचे निबंध तेवढे खरडायचे राहिलेत, असं म्हणत असाल तर तुमच्या भाबडेपणाला कोपरापासून नमस्कार. शाळेत 'माझा आवडता प्राणी' लिहिताना गाय समोर नसली तरी चालायचं. इथे तो प्राणी तुम्हीच आहात, आणि तुम्ही निबंधाच्या आसपास फिरकला नाहीत तर जास्त बरं.

स्टॅनफर्ड वर्षानुवर्षं एकच विचारतं: तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय, आणि का? सांगा साडेसहाशे शब्दांत. याचं खरं उत्तर तुम्हाला पाठ आहे. बाणेरला टूबीएचके, आणि शेजारच्या डेस्कवरचा तो आपल्याआधी ऑनसाइट गेला त्याची जळजळ. पण हे दोन ओळींत संपतं. शिवाय तिथे सव्वाचारशेच्या आसपास जागांसाठी सहा-सात हजार अर्ज येतात, आणि त्यात भारतीय, पुरुष, इंजिनिअर, आयटी हा माल आपल्याकडच्या गाजरगवतासारखा उगवलेला असतो. सबब, आजी लागेल.

आजी खेड्यातली हवी. शाळेची पायरी न चढलेली हवी. चुलीपुढे बसून तिने तुम्हाला एक वाक्य दिलेलं हवं, जे ऐकताक्षणी वयाच्या सातव्या वर्षी तुम्ही सप्लाय चेन सुधारायचं ठरवलंत. तुमची खरी आजी निवृत्त मुख्याध्यापिका असेल, सकाळी सुडोकू सोडवत असेल आणि 'अजून अंघोळ नाही झाली का?' यापलीकडे तिने तुम्हाला जीवनदृष्टी म्हणून काही दिलं नसेल, तर खचू नका. निबंध तुमचा आहे. फक्त दुसऱ्या परिच्छेदात ती गेली पाहिजे. धडधाकट आजीने प्रवेशसमितीच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

मग नेतृत्व. शुक्रवारी रात्री सर्व्हर बसला, तुम्ही तो बंद करून चालू केला आणि घरी जाऊन मॅगी खाल्लीत. हे असं लिहायचं: 'तीन खंडांत विखुरलेल्या चौदा जणांच्या संघाला मी अनिश्चिततेतून बाहेर काढलं.' चौदा जण होते की. मेलच्या सीसीमध्ये.

खरी घटना मात्र चुकूनही लिहू नका. माझ्या भाच्याने लिहिली होती. सोसायटीच्या गणपतीचा तो खजिनदार. ए विंगने वर्गणी अडवली, कारण आदल्या वर्षी आरतीचं ताट बी विंगकडून फिरायला लागलं होतं. पोरगा तीन रात्री जिने चढउतार करत होता, प्रत्येक घरी चहा पीत होता. शेवटी ताट लिफ्टपाशी, म्हणजे बरोब्बर मध्यावर ठेवायचं ठरलं आणि वर्गणी आली. मला तर वाटलं, याला आत्ताच डिग्री द्यावी. अर्ज घडवून देणाऱ्या सल्लागारबाईंनी त्यावर आडवी रेघ मारली: 'इम्पॅक्ट दिसत नाही.' त्यांची फी ऐकून माझ्या बहिणीने पंखा पाचवर नेला होता, तेव्हा रेघ तरी ठळक असणारच.

हार्वर्डचं काही वर्षं सोपं होतं. तुमच्याबद्दल आम्हाला आणखी काय कळावंसं वाटतं, एवढाच प्रश्न आणि नऊशे शब्दांचं मोकळं रान. २०२४ पासून त्याचे तीन तुकडे झाले, तीनशे, अडीचशे, अडीचशे. म्हणजे आजीला आता तीनशे शब्दांत जन्माला घालून उरकायचं. फ्रान्सचं इन्सीआड उणिवा विचारतं. तिथे 'मला काम अगदी अचूक लागतं' हे लिहून आजवर इतके जण गेलेत की तुम्ही दुसरी उणीव शोधा, म्हणजे दुसरा एखादा गुण. आपल्याकडच्या आयआयएमसाठी कॅट देणारे सुखी. एकदा पर्सेंटाइल आलं की खोटं बोलायला जागाच थोडी.

पुढचं ध्येय विचारलं की शेतकरी. मॅकिन्झीसारख्या सल्लागार कंपनीत जाऊन शिक्षणाचं कर्ज फेडायचंय, हे त्यांनाही माहीत असतं, पण चारचौघांत बोलायचं नसतं. लिहिण्याआधी गावी चुलत्याला एक फोन करून आपल्या रानात सध्या सोयाबीन आहे की कापूस, तेवढं विचारून घ्या. चुलता आधी वाटणीचा विषय निघतोय म्हणून गप्प बसेल.

शिफारसपत्राची काळजी नको. 'तूच लिहून आण, मी टाकतो,' असं साहेब सांगतातच. तुम्हाला दिलेल्या सर्वांत महत्त्वाच्या कानउघाडणीचा किस्सा त्यात मागतात. स्वतःचा कान स्वतःच, बेताने, उघडायचा.

भाच्याचा दहावा मसुदा गेल्या रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर चालला होता. समोर आमची आई, म्हणजे त्याची आजी, पावटे सोलत होती.

"काय लिहितोयस रे एवढं?"

"तुझ्यावरच आहे, आजी."

आईने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि फ्रिजवरचं लाल पेन मागवलं. "दे इकडे. शुद्धलेखन तरी बघते."

भाच्याने लॅपटॉप मिटला. "अगं, चार्जिंग संपलं."

"वायर लावलेली दिसतेय की," आई म्हणाली.