संधिवाताच्या गोळ्या न मिळाल्याबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या आईंना सहा वर्षे सुरू असलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आमच्या दुकानातून दोनदा मिळाली नाही, काउंटरवरच्या मुलाने "नवी चिठ्ठी आणा" एवढेच तुटकपणे सांगितले, आणि अमेरिकेला द्यायला गोळ्या आहेत पण सांगलीतल्या रुग्णाला नाहीत, म्हणजे आमचा साठा मागच्या दाराने गेला असणार, असे आपण लिहिले आहे. त्या तुटकपणाबद्दल मी आपली आणि आईंची क्षमा मागतो. साठ्याचे मात्र सविस्तर सांगणे भाग आहे.

या औषधाच्या निर्यातीला अंशतः मुभा मिळाली ती ७ एप्रिल २०२० रोजी. आमचा कप्पा त्याआधी दोन आठवडे रिकामा झाला होता. कोरोना होऊ नये म्हणून हे औषध घ्यावे, ही आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) कृतिदलाची शिफारस २३ मार्चला जाहीर झाली. ती कोरोना रुग्णांची सेवा करणारे आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या घरातली माणसे यांच्यापुरतीच होती, तरी त्या संध्याकाळपासून धडधाकट माणसे मोबाईलवर औषधाचे नाव दाखवत रांगेत उभी राहिली. एका गृहस्थांनी दंतवैद्यांच्या लेटरहेडवर पाच पट्ट्या मागितल्या आणि मी त्या दिल्या. नेहमीच्या संधिवात व ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या) रुग्णांपुरत्या पट्ट्या बाजूला काढून ठेवाव्यात, हे मला २५ तारखेला सुचले, तेव्हा कप्प्यात पट्ट्या बांधायचे रबरबँड तेवढे शिल्लक होते. ही चूक माझी आहे. ती दिल्लीवर किंवा वॉशिंग्टनवर ढकलता येणार नाही. त्याच दिवशी केंद्राने निर्यात रोखली खरी, पण घराघरांतल्या कपाटांत गेलेल्या गोळ्या त्याने परत येणार नव्हत्या, आणि टाळेबंदीत होलसेलरची गाडीही वेळेवर येईना.

चिठ्ठीचा आग्रह आमच्या मनचा नाही. २६ मार्चच्या अधिसूचनेने या औषधाला शेड्यूल एच-वन या, विक्रीवर कडक नोंदी मागणाऱ्या औषधांच्या यादीचे नियम लागू झाले, म्हणजे डॉक्टर, रुग्ण आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या यांची वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ते तीन वर्षे जपावे लागते. आपल्याकडची चिठ्ठी गेल्या वर्षीची होती. मात्र दवाखाना बंद असला तरी डॉक्टर फोनवर तपासणी करून व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवू शकतात, तशी मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्चलाच आली आहेत, हे आमच्या मुलाने आपल्याला सांगायला हवे होते, आणि त्याला ते मी सांगायला हवे होते. रजिस्टरात इतरांची नावे असल्याने ते आपल्याला दाखवता येणार नाही. औषध निरीक्षकांना ते केव्हाही पाहता येईल.

काल चार पट्ट्या आल्या. त्यांतल्या दोन आईंच्या नावाचे लेबल लावून ड्रॉवरमध्ये ठेवल्या आहेत, छापील किमतीलाच. मधल्या काळात त्यांचे डोस चुकले असतील तर गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या, ते डॉक्टरांना त्याच फोनवर विचारून घ्यावे. डॉक्टरांची चिठ्ठी दुकानाच्या क्रमांकावर पाठवलीत, तर मुलगा संध्याकाळी घरी आणून देईल.