घोडं बॉनेटखालीच पेंड खातंय
गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, दिवे लख्ख पडतात, चढावर कुठे अडत नाही, आणि तरीही तुम्हाला चैन पडत नसेल, तर दोष तुमचा नाही. दोष अर्थिंगचा आहे, म्हणजे वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या वाटेचा. जरा बॉनेट उघडून बघा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला एक जाड वायर, इंजिनाला एक. संपलं! त्याही काळ्या, आणि कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या. एवढ्या महागाच्या गाडीला ही कंजुषी शोभते का? तेव्हा अर्थिंग सुधारून पिकअप वाढवतं म्हणतात, ते ग्राउंडिंग किट घ्याच. पाच-सहा वायरी, टोकांना नटाखाली आवळायचे सोनेरी लग. रंग मात्र नीट निवडा. विजेला रंग कळत नाही असं म्हणणारे भेटतील, पण बॉनेट उघडल्यावर वीज कोण बघतं? निगेटिव्हच्या वायरी लालभडक घेतल्यात तर पुढच्या मेकॅनिकचीही थोडी करमणूक होईल.

एक पथ्य कडक पाळा. मल्टिमीटर बाळगणाऱ्या माणसाला गाडीजवळ फिरकू देऊ नका. ही जमात फार निर्दयी असते. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावणार, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवणार आणि तुम्हाला सांगणार, ‘मार स्टार्टर.’ स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, त्यामुळे अर्थिंगची खरी परीक्षा तिथेच होते. त्या क्षणी मीटरवर ०.२ व्होल्टच्या आतला आकडा आला, की मूळ वायरी ठणठणीत आहेत आणि तुमच्या किटला काही कामच उरलेलं नाही, हे तो तुमच्या तोंडावर सांगेल. एवढ्यावर थांबला तर तुमचं नशीब. नाहीतर कागद मागून हिशेब मांडायला बसेल. इग्निशनच्या परतीच्या वाटेवर दहा अँपिअर धरू, वाटेतला रोध दोन मिलिओहम धरू, म्हणजे वाया गेले ०.०२ व्होल्ट. किटने रोध निम्मा केला, तर चौदा व्होल्टांत वाचला ०.०१. शिवाय व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तरी इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीची कॉइल भरण्याची आणि इंजेक्टर उघडण्याची वेळ स्वतःच जुळवून घेतो, हेही वर ऐकवेल. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा. मित्र पुन्हा मिळतील, उत्साह मिळत नाही.

आता बसवायला घ्या. त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह काढावी लागते, आणि इथेच खरी जादू आहे. बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच इसीयू इतक्या दिवसांचं शिकलेलं विसरतो. आयडलिंग किती ठेवायचं, इंधनाला कुठे हात आखडायचा, सगळं नव्याने. मग गाडी दोन-चार दिवस जरा वेगळी वागते. हा फरक किटच्या खात्यावर जमा करायला विसरू नका.

जुन्या लगखाली पांढरट-हिरवी पूड साचलेली दिसली, तर तिकडे दुर्लक्ष करा. तो नट काढून, लग आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासून पुन्हा घट्ट आवळला, तर रडत फिरणारा स्टार्टर आणि मिणमिणते दिवे फुकटात सुधारण्याचा धोका असतो. मग किटचं कौतुक कोण करणार?

निगेटिव्हच्या क्लॅम्पवर एखादी छोटी डबी चिकटलेली दिसली, तर ती बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा सेन्सर असतो. तिला विश्वासात घ्यायची गरज नाही. वायरी तिला वळसा घालून थेट बॅटरीच्या खुंटीवर आवळा. मग काही करंट तिच्या नकळत ये-जा करेल, बॅटरी किती भरली आहे याचा हिशेब चुकत जाईल, आणि गाडीला थोडा गूढ स्वभाव येईल.

चक्कर मारायला एकटे जाऊ नका, साक्षीदार हवा. माझ्या एका मित्राने मला नेलं होतं. रस्ता मोकळा, खिडक्या बंद, एसी बंद (एसीचा भार काढला की गाडी हलकी पळते, पण ते सोडा). त्याने पाय दाबला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘पिकअप जाणवतोय ना?’ त्याच्या नखांत अजून ग्रीस होतं, बोटाला पान्याने सोललं होतं. मी म्हटलं, ‘हो, जबरदस्त!’

परत आल्यावर वायरी दाखवायला त्याने बॉनेट उघडलं. सगळ्यात जाड वायर, इंजिनाकडची, एका बाजूने नुसतीच लोंबत होती. तो नट खिशातच राहिला होता. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग त्याने दहाचा पाना घेतला, वायर आवळली आणि म्हणाला, ‘चल, आणखी एक चक्कर मारू.’

पिकअप आणखी वाढला होता.