कॅफेसाठी 'स्वस्त आणि पटकन' इलेक्ट्रिशियन शोधणाऱ्यांनो, जरा थांबा

सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या बडोद्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एका मुलानं विचारलं, "रावपुऱ्यात कॅफे काढतोय. स्वस्तात आणि पटकन वायरिंग करून देणारा कोणी आहे का?" अर्ध्या तासात सतरा नंबर आले. सतरा! लोड किती, थ्री फेज घेतोयस का, ओव्हन कुठला, एकानंही विचारलं नाही. मी लिहिलं, "आधी परवाना बघ." लगेच उत्तर आलं, "काकू, कशाला घाबरवताय पोराला? चार दिवे नि दोन पंखेच तर लावायचेत."

घाबरवतेय. मुद्दाम घाबरवतेय.

माझ्या जवळच्यांना तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. दांडिया बाजारातलं आमचं पोळीभाजी केंद्र जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आहे. बाहेर धो-धो पाऊस, ये-जा करून फरशी ओली. कणकेचं मशीन चालता चालता बंद पडलं, दिवेही गेले. सगळ्यांना वाटलं, लाईट गेली. समोरच्या दुकानात दिवे चालू होते, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तोवर गोळा काढून घेते," आणि मशीनच्या भांड्यात हात घातला.

बंद मशीन. लाईट गेलेली. आणि मावशी मागच्या पिठाच्या डब्यांवर जाऊन आदळल्या.

ईसीजी नीट आला. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू?

दुसऱ्या दिवशी ज्यांना बोलावलं त्यांनी मशीनचं सॉकेट उघडून मला जवळ बोलावलं. आत काळ्या तारेचा दोन इंचांचा तुकडा होता. एक टोक न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेला, आणि दुसरं अर्थिंगच्या पिनला, जी मशीनच्या पत्र्याला जोडलेली असते. खरं अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी तार, तिथवर आणलेलंच नव्हतं. कोणी टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासणीचा दिवा, लावून बघितला तर लागावा, एवढ्यापुरती ती सोय! पावसात मेनचा न्यूट्रल ढिला होऊन सुटला. फेज, म्हणजे करंट आणणारी तार, मात्र चालूच होती. मशीनचं बटण सुरू असल्यामुळे करंट मोटरमधून न्यूट्रलच्या तारेवर आला, आणि तिथून त्या दोन इंचांमधून सरळ मशीनच्या अंगावर. म्हणून मशीन मेलेलं दिसत होतं आणि भांडं जिवंत होतं.

एमसीबी पडला नाही. कसा पडणार? तो 16 अँपिअरचा. तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाचा जीव त्याच्या कितीतरी कमी करंटनं जातो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जरा गळला की लाईन तोडणारा स्विच, लागतो, आणि आमच्याकडचा आधीच काढून टाकलेला होता, कारण "बेन, ए वारंवार पडे छे."

ते सगळं करणारा माणूस आमचा अकरा वर्षांचा होता. आपला माणूस. वाईट नव्हता, हेही लिहिते. दिवाळीच्या फराळाच्या गर्दीत रात्री दहाला फोन केला तरी यायचा. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. कोणाच्या तरी हाताखाली पक्कड धरून तो शिकला, आणि त्याचं प्रत्येक "चालशे" मी मान डोलावून ऐकलं.

पण ज्यांना शिकवलं होतं त्यांचं काय? आमचं कनेक्शन घेताना टेस्ट रिपोर्टवर एका परवानाधारक कंत्राटदाराचा शिक्का होता. त्या गृहस्थांना मी आजतागायत पाहिलेलं नाही. वाड्याचा उंबरा न ओलांडता सगळं ठीकठाक असल्याची सही! लिहिताना आत्ताही हात थरथरतोय.

आणि हा नियम काही नवा नाही. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायला परवाना लागत नाही. नवी वायरिंग, वाढीव लाईन असलं काम परवानाधारक कंत्राटदारानंच, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचं, हे 1956 च्या नियमांत होतं आणि 2023 च्या नियमांतही आहे. आपण ते कागद कनेक्शनपुरते गोळा करतो आणि फायलीत घालतो.

हो, परवाना असला म्हणजे काम चोखच होईल असं नाही. मान्य. शिक्केवाल्याचं आत्ताच सांगितलं. पण म्हणून विचारायचंच नाही का?

शोधायला गेलं की माणूस मिळत नाही, हेही खरं. सगळं काम नव्यानं करून देणारा मिळायला मला तीन आठवडे लागले. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची कामं असताना पोळीभाजीवालीकडे कोण येणार? सयाजीराव महाराजांनी याच गावात 1890 मध्ये तंत्रशिक्षणाचं कलाभवन काढलं, हातानं काम करणाऱ्याला शास्त्र कळावं म्हणून. आणि आज आयटीआयत दोन वर्षं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेल्या पोराला आपण "ए वायरमन" म्हणून हाक मारतो आणि चहाचा कप वेगळा देतो. मग तो आपल्या दुकानात कशाला थांबेल?

जे शेवटी आले त्यांनी पहिल्या दिवशी एकही तार जोडली नाही. मशीन, फ्रीजर, पोळ्यांचा तवा, गीझर, प्रत्येकाची पाटी वाचून वहीत वॅट लिहिले. मेगर, म्हणजे तारांचं आवरण तपासायचं यंत्र, लावून जुन्या तारा तपासल्या. तीन किलोवॅटचा तवा दिव्यांच्या दीड एमएमच्या तारेवर चालत होता. तारेवरचं प्लास्टिक त्यांनी बोटानं नुसतं दाबलं, तर बिस्किटासारखं तुटलं. वर लाकडी तुळया आहेत, विसरू नका. मग त्यांनी तीन फेजवर लोड वाटला, मागच्या चौकात अर्थिंगचा खड्डा घेतला, आरसीसीबी बसवला आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबायला मला शिकवलं. तपासणीचे त्यांनी दीड हजार मागितले, तर मी घासाघीस करून बाराशे दिले. त्या तीनशे रुपयांची मला अजून लाज वाटते. मावशींचा ईसीजी करताना मी एक रुपया कमी करायला सांगितलं नव्हतं.

मावशी आठ दिवसांनी परत आल्या. आता सगळं नवं आहे, मी स्वतः मशीनला हात लावून दाखवलाय. तरी बटण दाबण्याआधी त्या पदरानं हात दोनदा कोरडा करतात, आणि भांड्याला आधी बोटाची मागची बाजू लावतात. दिवसाला चार वेळा. मी बघते आणि काही बोलत नाही.

कॅफेवाल्या मुला, सकाळी जरा चिडून लिहिलं. राग मानू नकोस, तुझ्यावर नव्हता. उद्या अकराच्या आत केंद्रावर ये. ती काळी तार मी गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, हातात घेऊन बघ. त्या इलेक्ट्रिशियनसाहेबांना मी फोन केलाय, गुरुवारी तुझी जागा बघायला यायला ते तयार आहेत. तपासणीचे पैसे ते सांगतील तेवढे दे.