देवाला चालेल असं एकही फूल नाही

आज सकाळी माझ्याच फाटकाशी, माझ्याच बागेतली फुलं चोरणाऱ्या माणसाने मला झापलं. दोन चहा झाले तरी डोकं ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

पूर्वपीठिका थोडक्यात. पुण्यात जुन्या सोसायटीत बैठा बंगला आहे, पुढे जरा मोकळी जागा. तिथे जास्वंद, तगर, अनंत, कढीपत्ता, अळू, गवती चहा आणि कोणी लावला ते कुणालाच आठवत नाही असा एक शेवगा, असं सगळं गुण्यागोविंदाने नांदत होतं. मुलाच्या मते हे जंगल होतं. म्हणून रीतसर लँडस्केप डिझायनर आला. त्याने टॅबवर चित्र दाखवलं, त्यात माझ्या अंगणात एक गोरी बाई पाय पसरून पुस्तक वाचत बसली होती. थीमचं नाव ‘ट्रॉपिकल बाली’. मे महिन्यात काम झालं, पैसे गेले. गोरी बाई अजून आलेली नाही.

आता काका. गल्लीत सगळे त्यांना आकडीकाका म्हणतात. पहाटे साडेपाचला स्वेटर, कानटोपी, साडीच्या दुकानाची पिशवी आणि मोडक्या छत्रीच्या मुठीपासून केलेली आकडी, अशी स्वारी निघते. कुंपणाबाहेर आलेली फांदी सार्वजनिक, आणि आत राहिलेली आकडीने बाहेर आणता येते, हा त्यांचा कायदा. गेली कित्येक वर्षं माझी जास्वंद त्यांच्या गणपतीच्या डोक्यावर फुलते आहे. मी कधी हूं की चूं केलं नाही. देवासाठी फुलं तोडणाऱ्याला बोललं की बोलणाराच नास्तिक ठरतो.

तर काका सहा महिने अमेरिकेत लेकीकडे होते. परवा परतले. आज फाटकाशी आकडी वर धरून, आ वासून उभे.

“अहो, जास्वंद कुठाय?”

“काढली.”

“काढली? मला न विचारता?”

मी म्हटलं, “काका, बाग माझी आहे.”

“बाग तुमची हो, पण देव सगळ्यांचा ना? रोज एक लाल फूल लागतं आमच्याकडे, मंगळवारी दोन. आज नेऊ काय? हे?” आकडीचं टोक अरेका पामकडे वळलं. “हे लग्नाच्या हॉलमध्ये ठेवतात. बुफेच्या बाजूला.”

मी गप्प. कारण ते खरं होतं.

“आणि हा पक्षी कसला?”

“बर्ड ऑफ पॅराडाइज. फूलच आहे ते. दक्षिण आफ्रिकेतलं.”

“चोच आहे त्याला. कुठल्या देवाला चालतं?”

“काका, ते वाहायला नाही. बघायला आहे.”

काकांनी चष्मा सारखा करून बघितलं. “बघून झालं. पुढे?”

पुढे काही नव्हतं. पुढे पांढरे गोटे होते. त्यांच्याकडेही त्यांनी निरखून बघितलं. “एवढे गोटे आणलेत, त्यात एखादा शाळिग्राम तरी शोधायचा.” मग नजर हिरवळीवर गेली आणि चेहरा जरा उजळला. “बरं, दुर्वा तरी?”

“त्या दुर्वा नाहीत. मेक्सिकन ग्रास आहे.”

यावर ते काही बोलले नाहीत. नुसती पिशवी उघडून माझ्यापुढे धरली. आत दोन मलूल कण्हेरी, एक तगरीची कळी आणि एक पिवळी शेवंती. शेवंती प्लास्टिकची होती, तिच्या देठाला अजून कुणाच्या तरी दारावरच्या तोरणाचा दोरा लोंबत होता.

“अंधारात कळलं नाही,” काका म्हणाले. “ही वेळ आणलीत तुम्ही माझ्यावर. न्यू जर्सीत, परक्या देशात, मला जास्वंद मिळाली. शेजारणीकडून विचारून घ्यायचो.”

“तिथे विचारून घेत होतात?”

“तिथे विचारावं लागतं.”

आणि फाटक लावून घ्या म्हणून मलाच सांगून निघून गेले.

घरात येऊन मी त्या बालीचा हिशेब मांडला. अरेका पाम मूळचा मादागास्करचा. तो चोचवाला दक्षिण आफ्रिकेचा. कोपऱ्यातला फॉक्सटेल पाम ऑस्ट्रेलियाचा. हिरवळीचं आडनावच मेक्सिकन. यात बाली कुठाय? खुद्द बालीत हिंदू घरांतून रोज पानांची छोटी परडी करून तीत फुलं मांडतात आणि देवापुढे, दाराशी, दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवतात. चनांग सारी म्हणतात तिला. म्हणजे सगळ्या प्रकल्पात बालीला धरून काही असेल, तर ती जास्वंद आणि तिच्याखाली पिशवी घेऊन उभा असलेला म्हातारा. जास्वंद पहिल्याच दिवशी मुळासकट गेली आणि म्हातारा ड्रॉइंगमध्ये नव्हताच.

शेवगा मात्र वाचला. डिझायनरला तोही नको होता, त्याच्या ‘व्हिस्टा’त, म्हणजे समोरच्या मोकळ्या दृश्यात, मध्येच येत होता. पण शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, तसा १९७५ चा कायदाच आहे, आणि अर्ज-पंचनाम्यात पडायची त्याची तयारी नव्हती. त्यामुळे बालीच्या मधोमध शेवगा उभा आहे आणि थंडी पडल्यापासून तो पांढऱ्या गोट्यांवर पानं ढाळतोय. शेवग्याचं पान नखाएवढं. झाडूने निघत नाही, ब्लोअर लावला तर दोन गोट्यांच्या फटीत आणखी खोल जातं. कंत्राटाचा माळी उकिडवा बसून एकेक पान चिमटीत धरून काढतो आणि डाव्या तळहातावर साठवतो. मूठ भरली की उठतो, बादलीत टाकतो, गुडघ्याला हात लावून पुन्हा बसतो. तोवर वरून नवीन आलेली असतात. काल तो न बघताच म्हणाला, “साहेब, हे गोटे ज्यांनी सुचवले ते इथे राहतात का?”

पाण्याचं तर बोलायलाच नको. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. बाकीचे आठ महिने ही बाली टँकरवर जगणार. ठिबकला टायमर आहे, तो फार कर्तव्यदक्ष. जुलैत मुसळधार पावसातही सकाळी सहाला झाडांना पाणी पाजत होता. आणि ज्या गुरुवारी नळाला पाणी नसतं, त्या दिवशी कोरडी टाकीसुद्धा तितक्याच निष्ठेने उपसतो.

या बागेला ‘लो मेंटेनन्स’ म्हणतात, आणि तिच्या मेंटेनन्सचं वार्षिक कंत्राट आहे. त्यात हरळी उपटण्याचे पैसे वेगळे. हरळी म्हणजे दुर्वाच, दुसरं काही नाही. मेक्सिकन हिरवळीतून त्या चिवटपणे वर येतात, म्हणून त्या उपटायला मी पैसे देतो, आणि गणपतीत मंडईत उभा राहून त्यांचीच जुडी विकत घेतो. कढीपत्ताही आता विकत. भाजीवाली पूर्वी दोन काड्या वर टाकायची, हल्ली ‘दहाचा देऊ का?’ म्हणते. हिरवळीवर फार चालू नका अशी सूचना आहे. बाकावर बसलो तर दुपारी तो तापलेला असतो आणि संध्याकाळी डास.

कंत्राटाचा पुढचा हप्ता या आठवड्यात आहे. गोटे उचलून न्या, मग बघू, असं मी डिझायनरला खडसावून सांगणार होतो, वाक्यंही मनात तयार होती. चौकशी केली तर हप्ता मुलाने काल रात्रीच ऑनलाइन भरून टाकलाय. माझ्या खात्यातून.