कमरेला पिस्तूल, हातात मोबाईल

टेक्सासला बदली झाली म्हणे. अभिनंदन! सामान लागलं, डाळ-तांदळाचं दुकान सापडलं, की नागरी हक्क बजावायला घ्या. इथे दोन हक्क अगदी हाताशी आहेत. एक, पोलिसांचं शूटिंग करायचं. दुसरा, कमरेला पिस्तूल लावून चारचौघांत हिंडायचं. एकेक तर कोणीही बजावतो, तुम्ही दोन्ही एकदम बजावा. फक्त मराठी सवयीने पोलिसाला ‘आय ॲम जस्ट शूटिंग’ असं सांगायला जाऊ नका.

पिस्तुलाचं आधी बघू. आपल्याकडे परवान्यासाठी चपला झिजवायच्या आणि तो मिळालाच, तर निवडणूक लागली की हत्यार पोलीस स्टेशनात जमा करायचं. टेक्सासात 1 सप्टेंबर 2021 पासून तुम्ही 21 वर्षांचे असलात आणि कायद्याने बंदूक बाळगायला अपात्र नसलात, की परवान्याचीही कटकट नाही. पिस्तूल होल्स्टरमध्ये असलं म्हणजे झालं. आता, तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल तर केंद्राचा कायदा तुम्हाला अपात्रच ठरवतो. पण घाबरू नका, सोयही त्याच कायद्यात आहे: शिकारीचा परवाना काढा. आयुष्यात डासापलीकडे काही मारलेलं नसलं तरी चालतं. संकष्टी पाळणाऱ्या माणसाच्या पाकिटात ग्रीन कार्डाच्या कितीतरी आधी शिकारीचा परवाना येऊन बसतो.

जागेच्या मालकाला उघडं पिस्तूल नको असेल तर त्याने पाटी लावायची. पाटीची अक्षरं किमान एक इंच उंच हवीत, आणि मजकूर इंग्रजीत नि स्पॅनिशमध्येही हवा. आमच्या इथल्या देवळात ती चपलांच्या मांडणीच्या बरोबर वर आहे. गावाकडून आलेल्या काकूंनी विचारलं, “एवढं मोठं काय लिहिलंय रे?” म्हटलं, “काकू, प्रसादाला रांग लावा असं लिहिलंय.” बिचाऱ्यांनी लगेच रांग धरली.

आता मोबाईल. 2015 मध्ये फोर्ट वर्थला टर्नर नावाचे एक गृहस्थ फुटपाथवर उभे राहून पोलीस स्टेशनचं शूटिंग करत होते. ओळखपत्र दाखवलं नाही म्हणून बेड्या पडल्या, पोलिसांच्या गाडीत कोंडून ठेवलं, मग सोडून दिलं. ते कोर्टात गेले. 2017 मध्ये टेक्सास ज्याच्या हद्दीत येतं त्या पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठणकावून सांगितलं की पोलिसांचं शूटिंग करणं हा नागरिकाचा हक्कच आहे. मात्र घटनेच्या दिवशी तो इतका स्पष्टपणे प्रस्थापित झालेला नव्हता, म्हणून त्या मुद्द्यावर पोलीस सुटले. म्हणजे जमीन तुमचीच, पण ऊस कापून नेला त्या दिवशी सातबाऱ्यावर नाव चढलेलं नव्हतं.

दोन्ही हक्क एकदम बजावण्याचा हिशेबही टेक्सासच्या विधिमंडळात होऊन गेलाय. 2015 च्या एका विधेयकात पोलिसांपासून 25 फुटांच्या आत शूटिंगला बंदी होती. शूटिंग करणाऱ्याकडे पिस्तूल असेल तर 100 फूट. विधेयक बारगळलं, पण पिस्तुलाची किंमत तेवढी कळली: 75 फूट. शंभर फुटांवरून पोलीस मोबाईलमध्ये मुंगीएवढा दिसला असता, आणि ती मुंगी कोणाला मारतेय हे तर मुळीच दिसलं नसतं.

बरं, ही जोडगोळी काही तुमच्या डोक्यातून निघालेली नाही. 1966-67 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेची पोरं हेच करायची. तेव्हा मोबाईल नव्हता, म्हणून हातात कायद्याचं पुस्तक. पोलीस कोणाला अडवत असले की ही पोरं अंतर राखून, भरल्या बंदुका घेऊन, नुसती बघत उभी राहायची. तेव्हाच्या कायद्यात ते पूर्ण बसत होतं. मग काय, कायदाच बदलला. उघडपणे भरलेली बंदूक बाळगायला बंदी आली, आणि 1967 मध्ये त्यावर सही केली राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी. हो, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच.

तेव्हा घराबाहेर पडण्यापूर्वी आरशात बघून घ्या. आपण गव्हाळ. गव्हाळ रंगाला कुठला नियम, हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. समोरचा पोलीस जागेवरच काय ते ठरवेल.

फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाकडे तर पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. 6 जुलै 2016 ला मिनेसोटात पोलिसाने गाडी अडवली, तेव्हा त्याने आपणहून, ‘सर’ म्हणून सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मोबाईल सुरू करून सगळ्या जगाला दाखवलं. मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी ज्यूरीने पोलिसाला निर्दोष सोडलं. पिस्तूल कायदेशीर, शूटिंग कायदेशीर, आणि गोळ्या झाडणं हाही गुन्हा नाही.

मी स्वतः काय करतो म्हणाल, तर मोबाईल बायकोच्या पर्समध्ये, शिकारीचा अर्ज ड्रॉवरमध्ये आणि दहाही बोटं स्टिअरिंगवर. मागच्या महिन्यात वेगासाठी अडवलं. पोलिसाने खिडकीतून वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं आणि विचारलं, “ते काय आहे?” नमस्काराला जाणारा उजवा हात जागच्या जागी आवरून, मानही न वळवता मी म्हटलं, “गणपती, सर. दोन इंचांचा आहे.”