कवच विरघळण्याआधीच अडचण सुरू होते
समुद्राच्या वाढत्या आम्लतेवरच्या तुमच्या लेखात आम्लतेमुळे शिंपले विरघळतात एवढंच आलंय, पण खरी अडचण त्याआधीची आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्राच्या पाण्यात मुरला की हायड्रोजन आयन (ज्यांच्यामुळे आम्लता येते ते कण) वाढतात आणि कार्बोनेटला अडकवून ठेवतात. कवच बांधायला लागतं तेच कार्बोनेट! मग शिंपल्यांच्या पिल्लांची सगळी ताकद कवचातच खर्च होते. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या संवर्धन केंद्रात २००७ च्या सुमारास कालवांची पिल्लं याच कारणाने मेली. समुद्राचा पीएच (आम्लतेचं माप; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ८.२ वरून ८.१ झाला हे किरकोळ वाटतं, पण आम्लता त्यात सुमारे २६ टक्के वाढते. (समुद्र अजून अल्कधर्मीच आहे, हेही लिहायला हवं होतं.) पुण्यात गणेश पेठेतून आणलेल्या तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) टरफलं मी वर्गात व्हिनेगरमध्ये टाकते. व्हिनेगर समुद्रापेक्षा कितीतरी तीव्र, तरी ते बुडबुडे बघून मुलं एकदम गप्प होतात.